नाव जसं उच्चारतात तसं

2024 च्या मार्चमधल्या पहिल्या रविवारी फोनवर आलेला एक व्हिडिओ मी लागोपाठ तीनदा पाहिला. हैतीच्या राजधानीतल्या, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या, राष्ट्रीय तुरुंगाचं फाटक सताड उघडं होतं आणि दारावर पहारेकरी नव्हता. आत अंगणातल्या काँक्रीटवर प्लॅस्टिकच्या सपाता, कपडे, टेबलफॅन असं काय काय विखुरलेलं. आदल्या रात्री हैतीतल्या टोळ्यांनी हल्ला करून साडेतीन हजारांहून जास्त कैदी बाहेर काढले होते. क्रुआ-दे-बुके इथला तुरुंगही त्याच वेळी फुटला होता. दोन्हींचे मिळून साडेचार हजारांवर. बातम्यांत खुनी, अपहरणकर्ते, टोळीप्रमुख असे शब्द होते आणि तशी माणसं त्यात होतीच. माझी नजर मात्र त्या सपातांवरून हलेना. एक इथे, तिची जोडीदार कुठेच नाही. तिसऱ्यांदा व्हिडिओ थांबवला, स्टुलावर चढले आणि कपाटाच्या वरच्या खणातून जुनी डायरी काढली. त्या डायरीत 2013 सालच्या एका पानावर त्या तुरुंगातल्या एका माणसाचं नाव मी देवनागरीत लिहून ठेवलं आहे.

मी हैतीत गेले ती फ्रेंच येत होतं म्हणून. 2010 च्या भूकंपानंतर तिथल्या न्यायालयांसाठी आणि तुरुंगांसाठी परदेशातून जो पैसा येत होता, त्यातल्या एका लहानशा प्रकल्पाला नोंदी जुळवणारी माणसं हवी होती. काम सांगायला सोपं होतं. तुरुंगाच्या रजिस्टरात जेवढी नावं आहेत, त्यातल्या प्रत्येकाची फाइल न्यायालयात कुठे पडली आहे ते शोधायचं. राष्ट्रीय तुरुंग आठशेच्या आसपास माणसांसाठी बांधलेला आणि मी होते तेव्हा आत त्याच्या चौपटीहून जास्त माणसं. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं तेव्हा आधी वास आला: लघवी, ब्लीच, कोळशाचा धूर आणि न वाळलेले कपडे, सगळं एकत्र. मग आवाज. एका मोठ्या इमारतीला कैद्यांनी 'टायटॅनिक' नाव दिलेलं. तिच्या गजांना चादरी गाठी मारून बांधल्या होत्या आणि त्या झोळ्यांत माणसं एकाखाली एक लोंबकळत झोपलेली होती. ज्यांना झोळी नाही ते पाळीपाळीने झोपायचे, उरलेले उभे. अशाच एका दारापाशी गजातून एक हात बाहेर आला आणि माझ्या वहीवर टेकला. "ब्लाँ, तुम्ही नावं लिहिता ना? माझं लिहा." ब्लाँ म्हणजे गोरा. माझा रंग त्याच्याहून फार उजळ नव्हता, पण हैतीत परका माणूस कुठल्याही रंगाचा असो, तो ब्लाँच. तो क्रुआ-दे-बोसालच्या बाजारात 'बुरेत' ओढायचा. बुरेत म्हणजे हातगाडी. 2010 च्या उन्हाळ्यात बाजारातून चौघांना उचललं, त्यात तोही होता. आरोप 'गुन्हेगारांशी संगनमत'. हा आरोप तिथे निम्म्या बराकीवर असायचा, कारण तो लावायला फारसं काही लागत नाही. अडीच वर्षांत त्याला एकदाही जजसमोर नेलं नव्हतं.

मी नाव विचारलं. त्याने सांगितलं. मी रोमन लिपीत लिहिलं आणि वही त्याच्यासमोर धरली.

"असं नाही," तो म्हणाला.

हैतीत सगळे क्रिओल बोलतात, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली लोकभाषा. फ्रेंच बोलणारे मूठभर. 1987 च्या राज्यघटनेने दोन्ही भाषांना राजभाषेचा मान दिला, पण मी पाहिलेलं न्यायालयाचं कागदपत्र बहुतेक फ्रेंचमध्येच चालायचं. आरोपीला वाचून दाखवतात ते फ्रेंच, तो ज्या भाषेत गयावया करतो ती क्रिओल आणि मधे कुणीतरी कारकून कुजबुजत अर्थ सांगतो. नावांचं त्याहून अवघड. फ्रेंचमध्ये नावाच्या शेवटी मुकी अक्षरं असतात. 'टी' लिहायचा पण म्हणायचा नाही, 'एस' असतो पण ऐकू येत नाही. क्रिओल उच्चाराप्रमाणे लिहितात. ज्याला लिहिता येत नाही त्याचं नाव कसं लिहायचं, हे त्या दिवशी टेबलामागे जो बसला असेल तो ठरवतो. तुरुंगाच्या कारकुनाने मुका 'टी' लावला. पोलिसाने लावला नाही. तिसऱ्या कुणीतरी आडनावाचं पहिलं अक्षरच वेगळं धरलं. कागदावर एका माणसाची तीन माणसं झाली आणि त्या तिघांपैकी कुणाचीच फाइल पुरी नव्हती. त्याला वाचता येत नव्हतं, तरी माझ्या वहीतलं ते लेखन त्याला पटलं नाही. मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा माझ्या तोंडून ते फ्रेंच होऊन बाहेर पडलं होतं. म्हणून मी त्याच्याकडून ते पुन्हा दोनदा म्हणवून घेतलं, नाकातला अनुस्वार नीट ऐकला आणि कानावर पडलं तसं देवनागरीत उतरवलं. त्या वेळी मला तेवढंच सुचलं. हिशेबाच्या, अहवालाच्या दृष्टीने त्या ओळीचा काडीइतका उपयोग नव्हता.

ज्या दप्तरखान्यात, म्हणजे 'ग्रेफ'मध्ये, मी त्यानंतरचे महिने काढले तिथल्या शिरस्तेदारांना सगळे 'मेत' म्हणत. वकिलांना, कारकुनांना आदराने लावायचं ते संबोधन. सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत नीट घडी घालून वर घेतलेल्या, खिशात लाल आणि निळी अशी दोन पेनं आणि एक लाकडी पट्टी, तिच्या कडा झिजून गोल झालेल्या. रोज सकाळी आधी ते त्या पट्टीने रजिस्टरच्या कोऱ्या पानावर उभ्या रेघा मारत. छापील रजिस्टरं संपली होती आणि नवी आली नव्हती, म्हणून शाळेच्या मोठ्या वहीचं रजिस्टर करायचं. प्रत्येक पान आखून झालं की फुंकर मारून शाई वाळवायची. त्यांच्या पाठीमागे देणगीतून आलेली चार स्टीलची कपाटं होती, देणाऱ्या देशाचा झेंडा चिकटवलेली. त्यातल्या दोन कपाटांच्या किल्ल्या कधी पोहोचल्याच नाहीत. कोपऱ्यात आमच्या प्रकल्पाचे दोन संगणक प्लॅस्टिकच्या आवरणाखाली. वीज दिवसातून काही तास. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या पहिल्या सहा महिन्यांतच बसल्या. मेत आधी वहीत लिहायचे आणि वीज असली तर तेच पुन्हा संगणकात भरायचे. आम्ही त्यांचं काम हलकं करायला गेलो होतो आणि ते दुप्पट करून ठेवलं होतं. त्यांचा पगार कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. त्यांनी त्याबद्दल माझ्याकडे एकदाही तक्रार केली नाही. एकदा फक्त विचारलं, "मादाम, तुमच्या प्रकल्पात कारकुनाच्या पगारासाठी रकाना का नसतो?" मी खालमानेने सांगितलं की पगार हा त्या त्या सरकारचा विषय, मदत 'क्षमता वाढवण्यासाठी' असते. ते पट्टीने रेघ मारत राहिले.

एका माणसाचं नाव अटकेपासून निकालापर्यंत किती हातांतून जातं, हे मला त्या खोलीत कळलं. पोलीस चौकीची वही, मग 'जूज द पे' म्हणजे शांतता न्यायाधीशाची वही, मग सरकारी वकिलाच्या कार्यालयाची, मग तपास न्यायाधीशाच्या कक्षाची आणि तुरुंगाची वेगळी. पाच ठिकाणं, पाच हस्ताक्षरं. एकीकडून दुसरीकडे कागद नेणारा माणूस पायी जातो, कारण गाडीत डिझेल नसतं. राज्यघटनेचं कलम 26 सांगतं की अटकेची कायदेशीरता जजने तपासल्याशिवाय कुणालाही 48 तासांपेक्षा जास्त डांबता येत नाही. मी हे कलम फ्रेंचमध्ये पाठ केलं होतं. मेत ते ऐकून म्हणाले, आमच्याकडे एक म्हण आहे: "कॉन्स्तितिस्यों से पाप्ये, बायोनेत से फे." घटना कागदाची, संगीन लोखंडाची. हैतीच्या तुरुंगांत दहांतले सात-आठ जण कच्चे कैदी आणि राजधानीच्या तुरुंगात त्याहूनही जास्त. शिक्षा झालेले इतके थोडे की त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळाच सुटकेचा भाव असायचा. त्यांना आपला शेवटचा दिवस ठाऊक होता. कच्च्या कैद्याला तो नसतो. त्याच्यासाठी घरून कुणी डबा आणणारं असेल तर तो तगतो, नसेल तर हातपाय सुजायला लागतात. नुसत्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्या माणसाला बेरीबेरी होतो, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. पोटरीवर बोट दाबल्यावर राहिलेला खळगा किती वेळ भरत नाही, ते तिथे पाहिलं.

12 जानेवारी 2010 च्या संध्याकाळी हे सगळंच जमीनदोस्त झालं होतं. न्यायमंदिर कोसळलं, न्याय मंत्रालय कोसळलं आणि ढिगाऱ्याखाली जज, वकील, कारकून आणि फाइली सगळं एकत्र गेलं. राष्ट्रीय तुरुंगातून त्या रात्री चार हजारांहून जास्त कैदी निघून गेले, म्हणजे 2024 च्या आधीही तो एकदा असाच रिकामा झाला होता. मार्चअखेर न्यूयॉर्कला देणगीदारांची परिषद भरली आणि हैतीच्या उभारणीसाठी पहिल्या दोन वर्षांसाठीच 5.3 अब्ज डॉलरांचे आकडे जाहीर झाले. न्यायव्यवस्थेच्या वाट्याला जे आलं त्यातलं डोळ्यांना दिसणारं सगळ्यात मोठं काम म्हणजे क्रुआ-दे-बुकेचा नवा तुरुंग. कॅनडाच्या पैशातून बांधलेला, 2012 मध्ये सुरू झालेला. मी 2013 मध्ये तिथे गेले तेव्हा रंगाचा वास अजून गेला नव्हता. प्रत्येकाला खाट, खिडकीतून वारा, अंगणात सावली. टायटॅनिकमधून तिथे आलेलं कुणीही म्हणेल की मदत अशी असावी, आणि मीही म्हटलं. परत येताना गाडीत मला खूप बरं वाटत होतं. तिथल्या एका तरुण कैद्याला मी विचारलं होतं, इथे बरं आहे ना? तो म्हणाला, हो, इथे झोप येते. आणि मग, "पण तारीख इथेही येत नाही." 2014 च्या ऑगस्टमध्ये, मी निघायच्या सुमाराला, त्या तुरुंगातून तीनशेहून जास्त कैदी पळाले. 2021 च्या फेब्रुवारीत चारशेहून जास्त. त्या दिवशी 25 माणसं मेली, त्यात तुरुंगाचा प्रमुखही होता. आणि मग 2024. भिंती चांगल्या होत्या. भिंतीबाहेर पहारा देणाऱ्याला पगार, साथीला माणूस आणि बंदुकीत गोळी हवी, आणि आतल्याला तारीख हवी.

असं नाही की तिथल्या न्यायालयांना काही जमत नव्हतं. मेतना ज्या खटल्याबद्दल बोलताना आवाज चढायचा, तो राबोतोचा. राबोतो ही गोनाइव्ह शहरातली समुद्रकाठची गरीब वस्ती. 1994 च्या एप्रिलमध्ये लष्कराने आणि त्याच्या हस्तकांनी तिथल्या लोकांना घरांत घुसून आणि पाण्यात पळत असताना गोळ्या घातल्या. 2000 साली गोनाइव्हमध्ये खटला उभा राहिला आणि आठवड्यांमागून आठवडे चालला. परदेशी तज्ज्ञ होते, मदतीचा पैसाही होता, पण ज्युरी हैतीची, जज हैतीचा आणि साक्षी देणाऱ्या बायका क्रिओलमध्ये बोलत होत्या. समोर बसलेल्या 16 जणांना दोषी ठरवलं, पळून गेलेल्या 37 जणांना गैरहजेरीत. मेत सांगत, लोक रेडिओला कान लावून बसायचे. मग 2002 च्या ऑगस्टमध्ये एका टोळीने आपल्या पुढाऱ्याला सोडवायला गोनाइव्ह तुरुंगाच्या भिंतीत ट्रॅक्टर घातला. दीडशेहून जास्त कैदी पळाले आणि त्यात राबोतोसाठी शिक्षा भोगणारा एक मुख्य आरोपीही बाहेर पडला. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षाच रद्द केल्या. मेत हे सांगताना शेवटपर्यंत जायचे नाहीत. ते साक्षीदार बायकांपाशी थांबायचे. त्या साक्षीला येताना पांढरे कपडे घालून आल्या होत्या, असं ते म्हणत. ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं, मी कधी विचारलं नाही.

2013 च्या फेब्रुवारीतला एक दिवस मात्र मला अजून सलतो. 2010 च्या ऑक्टोबरात हैतीत कॉलरा आला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका छावणीची घाण मेई नदीत सोडली जात होती, तिथून तो आर्तिबोनित खोऱ्यात आणि पुढे देशभर पसरला. तो तुरुंगांतही शिरला. सगळे मिळून आठ लाखांवर लोक आजारी पडले आणि दहा हजारांच्या आसपास गेले. पाच हजार पीडितांच्या वतीने 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे भरपाईचा दावा दाखल झाला होता. त्या फेब्रुवारीत उत्तर आलं: दावा 'स्वीकारार्ह नाही'. संस्थेला कायद्याचं संरक्षण आहे. दुसऱ्या दिवशी मी ग्रेफमध्ये गेले तेव्हा मेत रेघा मारत नव्हते. वर्तमानपत्र घडी करून पट्टीखाली ठेवलं होतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, ती ते नेहमीच द्यायचे, आणि मग शांतपणे म्हणाले, "मादाम, गेल्या महिन्यात तुमच्या लोकांनी आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. कुणीही कायद्यापेक्षा मोठा नाही, असं भिंतीवर लिहिलं होतं. आमच्या गावात माझ्या बहिणीची दोन मुलं कॉलऱ्याने गेली. ती दावा घेऊन कुठल्या ग्रेफमध्ये जाईल, ते मला सांगा. मी तिला तिथली रेघ आखून देईन." मी संयुक्त राष्ट्रांची नोकर नव्हते. तो बचाव माझ्या जिभेवर आला होता आणि मी तो गिळला, ही त्या दीड वर्षात मी केलेली एक बरी गोष्ट. ज्या गाडीतून मी आले होते, ज्या पैशातून माझा पगार होत होता, ते सगळं त्याच दुनियेचं होतं. पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयांतही तो दावा 2015 आणि 2016 मध्ये फेटाळला गेला. 2016 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली आणि त्याची सुरुवात क्रिओलमध्ये केली. ते भाषण मी घरी बसून ऐकलं आणि मेतच्या बहिणीपर्यंत ते पोहोचलं असेल का, याचाच विचार करत राहिले.

'मदत' हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते. राष्ट्रीय तुरुंग 1918 मध्ये बांधला गेला तेव्हा देशावर अमेरिकी सैन्याचा ताबा होता. त्याच्याही आधी, 1825 मध्ये, फ्रान्सने युद्धनौका पाठवून स्वातंत्र्य मान्य करण्याची किंमत मागितली: 15 कोटी फ्रँक, पुढे 9 कोटींवर आणलेले. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी आपल्या मालकांना भरपाई द्यायची. ते फेडायला काढलेली कर्जं, त्या कर्जांचं व्याज, हे 1947 पर्यंत चाललं. ज्या खजिन्यातून शाळा, रस्ते, जजांचे पगार निघायचे तो सव्वाशे वर्षं बाहेर वाहत होता. हैतीत हे पोरांनाही माहीत असतं. दप्तरखान्यातल्या कपाटावरचा झेंडा पाहून एखादा चपराशी मान हलवतो, तेव्हा त्यात कृतघ्नपणा शोधू नये. "बाय कू ब्लिये, पोते माक सोंजे": मारणारा विसरतो, वळ वागवणाऱ्याला आठवतं.

तरीही मी त्या पैशाला सरसकट नावं ठेवू शकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर पाण्याच्या टाक्या बसल्या आणि ज्या अंगणात कॉलरा फिरला होता तिथे नळाखाली माणसं साबण लावून आंघोळ करू लागली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या आणि सुजलेले पाय उतरले. सगळ्यात जास्त गुण आला तो ज्याचा फोटोही चांगला निघत नाही अशा कामाला: मोफत कायदेशीर मदतीचे तरुण हैतीयन वकील. दोघं-तिघं, घामाने भिजलेल्या शर्टांत, बराकीबराकीतून हातातल्या यादीतली नावं पुकारत जायचे. ते क्रिओलमध्ये पुकारायचे आणि आतून उत्तर यायचं. ज्या चोरीचा आरोप आहे त्या चोरीच्या शिक्षेपेक्षा जास्त दिवस जो आत बसला आहे, त्याला आधी काढायचं. एका सकाळी असे सहा जण सुटले. फाटकापाशी एकाच्या आईने त्याला ओळखलं नाही, त्यालाच तिला हाक मारावी लागली. या वकिलांचे करार देणगीच्या वर्षाला बांधलेले. वर्ष संपलं की निधी 'पुढच्या टप्प्यात' जायचा, मधे चार-पाच महिने कुणीच नाही. त्या महिन्यांत यादी पुन्हा तेवढीच लांब. 2018 मध्ये हैतीच्या संसदेने कायदेशीर मदतीचा स्वतःचा कायदा केला, तेव्हा मला त्या तिघांचे शर्ट आठवले.

माझ्या माणसाची फाइल सातव्या महिन्यात सापडली. मेतनाच सापडली. मी आडनावाचं अक्षर धरून शोधत होते. ते म्हणाले, अक्षर सोडा, तारीख धरा आणि बाजाराचं नाव धरा. किल्ली नसलेल्या कपाटाच्या मागे भिंतीला लागून एक गठ्ठा पडला होता, सुतळीने बांधलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यात फक्त दोन कागद. चौकीतल्या पोलिसाचा अर्ध्या पानाचा अहवाल, आणि तुरुंगात पाठवण्याचा आदेश. साक्षीदार नाही, मुद्देमाल नाही. एखादा जज दहा मिनिटांत वाचून निर्णय देऊ शकला असता. पण ज्या तपास न्यायाधीशाच्या नावावर ते प्रकरण होतं त्याची मुदत संपली होती आणि मुदतवाढीचा कागद वरून आला नव्हता. त्याच्या कक्षाला कुलूप. सरकारी वकिलाच्या कार्यालयात मी दोनदा गेले. तिथे माझ्याशी सगळे अतिशय चांगले वागले. तिसऱ्या खेपेच्या वेळी कारकुनांचा संप होता. त्याच आठवड्यात आमच्या तिमाही अहवालाची मुदत होती. 'शोधून जुळवलेल्या फाइली' या रकान्यात मी त्याचीही एक धरली. आकडा चांगला होता, आमचं कौतुक झालं. जुळवली होतीच, खोटं काही नव्हतं. त्या रकान्यापुढे 'जजसमोर गेला का' असा रकाना नव्हता आणि तो असावा, असं मी त्या बैठकीत म्हटलं नाही. अकरा वर्षं मी हे स्वतःशी उगाळते आहे. म्हटलं असतं तर काही झालं असतं, असा माझा दावा नाही. पण मी म्हटलं नाही.

पुढचं मला दुरूनच कळत गेलं. 2022 च्या जूनमध्ये राजधानीतल्या बिसांतनेर भागातलं न्यायमंदिर एका टोळीने ताब्यात घेतलं. जज, कारकून जीव घेऊन पळाले, फाइली आणि पुरावे मागे राहिले. मेत तोवर निवृत्त झाले होते आणि गावी गेले होते, एवढंच एका जुन्या सहकाऱ्याकडून समजलं. त्यांनी रेघा आखलेल्या वह्या कुठे आहेत, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मग ते उघडं फाटक. शंभरेक कैदी म्हणे आतच थांबले. राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांच्या हत्येच्या आरोपाखालचे कोलंबियन माजी सैनिक त्यांच्यातच होते, बाहेर गेलो तर मारले जाऊ या भीतीने. बाकीचे गेले. माझा तो हातगाडीवाला त्यांच्यात होता का, त्याच्या कितीतरी आधी सुटला होता का, की आतच संपला होता, मला माहीत नाही. त्या रात्री बाहेर पडला असेल तर ज्या माणसावर तोवर काहीच शाबीत झालं नव्हतं, तो आता कायद्याच्या लेखी फरारी आहे, आणि याची नोंद करायलासुद्धा त्याचं नाव कुणीतरी पुन्हा कुठल्यातरी वहीत लिहील. मुका 'टी' लावून, किंवा न लावता.

डायरीचं ते पान आता पिवळं पडलंय. शाई निळी, कोपऱ्यात घामाचा डाग, माझा की त्याचा कोण जाणे. त्या दिवशी मी देवनागरीत लिहून झाल्यावर त्याने विचारलं होतं, ही कुठली अक्षरं? मी म्हटलं, आमची. त्याने गजातून बोट घालून वरच्या रेघेवरून फिरवलं, डावीकडून उजवीकडे, नाव संपेपर्यंत. मग म्हणाला, वाचा. मी वाचलं. तो म्हणाला, पुन्हा. मागे झोळ्यांतून दोघं-तिघं माना वर करून ऐकायला लागले होते. मी पुन्हा वाचलं, या वेळी त्याच्यासारखा हेल काढून, शेवटचा स्वर लांबवून. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात गजाआड घेतला आणि म्हणाला, "से सा."

बरोबर. हेच.